मुडदा सापडला, पण केस कुणाची? नवाहो पोलिसांच्या रहस्यकथा समजून घेताना

2022 ला 'डार्क विंड्स' सिरीज आली आणि नवाहो पोलीस, म्हणजे अमेरिकेतल्या नवाहो या मूळ रहिवाशांचे स्वतःचे पोलीस, हा प्रकार आपल्याकडेही बऱ्याच जणांना कळला. ती बघितलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो, की तो लेफ्टनंट लीपहॉर्न एवढा हुशार, वाळूतल्या पावलांवरून माणूस ओळखणारा, मग दर वेळी कुठला तरी सुटाबुटातला एफबीआयवाला मधे कडमडून केस का घेऊन जातो? लेखकाला त्रास देणारं एक पात्र हवं होतं म्हणून? तर नाही. ते कायद्यानेच तसं आहे, आणि हा कायदा एवढा गुंतागुंतीचा आहे की खुद्द अमेरिकेतले वकीलसुद्धा त्याला चक्रव्यूह म्हणतात.

सिरीज ज्या कादंबऱ्यांवर आहे त्या टोनी हिलरमन या अमेरिकन पत्रकाराच्या. पहिली आली 1970 ला, आणि 2008 ला तो गेला तोपर्यंत लीपहॉर्न आणि जिम ची या दोन नवाहो पोलिसांच्या मिळून 18 झाल्या. मी त्या उलटसुलट क्रमाने वाचल्यात आणि माझं मत असं झालंय, की कायद्याचा हा घोळ डोक्यात नसेल तर त्यातलं निम्मं रहस्य आपल्या हातून निसटतं. म्हणून हा लेख.

आधी जागा कुठली ते बघू

नवाहो हे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी एक, ते स्वतःला दिने म्हणवतात. नोंदणी झालेले लोक चार लाखांच्या घरात. अमेरिकन सरकारने मान्यता दिलेल्या अशा ट्राईब, म्हणजे जमाती, पावणेसहाशेच्या आसपास आहेत आणि प्रत्येकीची भाषा, रीतीभाती, देव वेगळे, त्यामुळे सगळ्यांना एका मापाने मोजू नका. पुढे मी सोयीसाठी या सगळ्यांना मिळून नेटिव्ह म्हणतो.

1864 मध्ये अमेरिकन सैन्याने नवाहो लोकांना त्यांच्या मुलखातून शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट सम्नरला नेऊन डांबलं, वाटेत आणि तिथे खूप माणसं मेली. मग 1868 ला तह झाला आणि त्यांना परत जायला मिळालं, आपल्याच जुन्या मुलखात. ही फार कमी ट्राईबच्या नशिबी आलेली गोष्ट. तहात ट्राईबसाठी राखून ठेवलेल्या या जमिनीला रिझर्व्हेशन म्हणतात, आपल्या नोकरीतल्या आरक्षणाशी त्याचा संबंध नाही. आज नवाहो नेशन ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत पसरलंय, साधारण 70,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाला थोडं कमी. राजधानी विंडो रॉक. स्वतःचा अध्यक्ष, स्वतःची कौन्सिल, कोर्ट, पोलीस सगळं आहे.

आणि पोलीस किती? दोनशेच्या आसपास. म्हणजे माणशी साडेतीनशे चौरस किलोमीटर, तेही सगळे एकाच वेळी ड्युटीवर आहेत, कुणी आजारी नाही, कुणी सुट्टीवर नाही असं धरलं तर. रस्ते बरेचसे कच्चे, मोबाईलची रेंज कुठे आहे कुठे नाही, घरांना धड पत्ते नाहीत. कादंबरीत लीपहॉर्न सारखा गाडीतच असतो, भिंतीवरच्या नकाशात रंगीत पिना टोचत बसतो, ते उगाच नाही.

एक गंमत सांगतो. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नवाहो नेशन करतं. आणि नवाहो नेशनच्या पोटात चहूबाजूंनी वेढलेलं होपी लोकांचं रिझर्व्हेशन आहे, ते करत नाही. म्हणजे उन्हाळ्यात सरळ एका दिशेने गाडी हाकत गेलात तर घड्याळ तासाने पुढे, मग मागे, मग परत पुढे. आता अशा ठिकाणी साक्षीदाराला विचारा, नऊ वाजता तुम्ही कुठे होतात.

हद्द नुसत्या जमिनीची नाही

आपल्याकडे रुळाजवळ मृतदेह सापडला की रेल्वे पोलीस म्हणतात हे शहर पोलिसांचं, शहर पोलीस म्हणतात हे रेल्वेचं, आणि नातेवाईक बिचारे इकडून तिकडे. पण शेवटी कुणीतरी नकाशा काढतो, जागा कुठल्या ठाण्याखाली येते ते बघतो आणि वाद मिटतो. नवाहो मुलखात नुसता नकाशा पुरत नाही. तिथे जागा तर बघायचीच, शिवाय मारणारा कोण आणि मेलेला कोण हेही बघायचं.

समजा रिझर्व्हेशनवर खून झाला. मारणारा नेटिव्ह असेल तर केस फेडरल सरकारची, म्हणजे वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारची, तपास एफबीआयचा आणि खटला फेडरल कोर्टात. त्याच कृत्याबद्दल ट्राईबचं कोर्टही खटला भरू शकतं, पण शिक्षेवर मर्यादा आहे, त्यावर पुढे येतो. मारणारा बाहेरचा आणि मेलेला नेटिव्ह असेल तरी फेडरल सरकार, आणि 2022 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर राज्य सरकारसुद्धा. मारणारा बाहेरचा आणि मेलेलाही बाहेरचाच असेल, तर रिझर्व्हेशनच्या मधोमध खून झालेला असला तरी केस राज्याची, म्हणजे काउंटीचा (तिथल्या जिल्ह्याचा) पोलीसप्रमुख, शेरीफ, येणार. हे 1881 च्या एका निकालापासून चालत आलंय.

आता यातली मेख लक्षात आली का? केस कुणाची हे ठरवायला खुनी कोण हे माहीत पाहिजे, आणि खुनी कोण हे शोधायला आधी केस कुणाची तरी पाहिजे. रहस्यकथा लिहिणाऱ्याला याच्यापेक्षा जास्त काय हवं!

बरं, जमीन तरी सरळ आहे का? न्यू मेक्सिकोत क्राउनपॉइंटच्या आसपासच्या भागाला चेकरबोर्ड म्हणतात. एकोणिसाव्या शतकात सरकारने रेल्वे कंपन्यांना एक सोडून एक असे जमिनीचे चौकोन वाटले, नंतर काही तुकडे एकेका नवाहो कुटुंबाच्या नावावर झाले, काही खाजगी मालकांकडे गेले, काही राज्याकडे, काही केंद्राकडे, काही ट्राईबकडे. त्यामुळे गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभी होती यावरून कायदा बदलू शकतो. जिम ची या पात्राचं सुरुवातीचं पोस्टिंग याच क्राउनपॉइंटला आहे, हिलरमनने ते मुद्दाम निवडलं असणार अशी माझी दाट शंका आहे.

हे सगळं सुरू झालं एका खुनातून

1881 मध्ये आजच्या साउथ डकोटातल्या रोझबड रिझर्व्हेशनवर क्रो डॉग नावाच्या लकोटा माणसाने स्पॉटेड टेल या आपल्याच ट्राईबच्या मोठ्या पुढाऱ्याला गोळी घालून मारलं. हे नवाहो नव्हेत हं, पार वेगळे लोक, पण कायदा सगळ्यांना लागू झाला. लकोटा रिवाजाप्रमाणे दोन्ही कुटुंबं बसली, आणि क्रो डॉगच्या घरच्यांनी 600 डॉलर, आठ घोडे आणि एक घोंगडी देऊन प्रकरण मिटवलं. ट्राईबच्या दृष्टीने विषय संपला.

बाहेरच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना हे काही रुचेना. त्यांनी त्याला पकडून खटला चालवला आणि फाशी सुनावली. तो सुप्रीम कोर्टात गेला आणि 1883 ला चक्क जिंकला, कोर्ट म्हणालं ट्राईबच्या दोन माणसांमधला गुन्हा ट्राईबने निपटलाय, तिथे आमचा अधिकार नाही. झालं, पेपरांतून बोंबाबोंब, आणि 1885 ला अमेरिकन संसदेने मेजर क्राइम्स ॲक्ट आणला. खून, बलात्कार, जाळपोळ, घरफोडी, चोरी वगैरे सात गुन्हे नेटिव्ह माणसाने रिझर्व्हेशनवर केले तर ते फेडरल गुन्हे. पुढे ही यादी वाढतच गेली. लीपहॉर्नच्या हातातून फाईल काढून घेणारा सुटाबुटातला माणूस येतो तो या कायद्याच्या जोरावर. म्हणजे 1881 च्या एका गोळीचा हिशोब 1970 च्या कादंबरीतला पोलीस फेडतोय.

मग नवाहो पोलीस करतात तरी काय?

पहिली गोष्ट, घटनास्थळी आधी पोचतात तेच. एफबीआयचा माणूस दोन-चार तास लांबच्या शहरातून येणार, तोपर्यंत जागा राखणं, पुरावा वाऱ्यापावसापासून वाचवणं, साक्षीदार धरून ठेवणं, हे सगळं यांच्याकडे. भाषा येते यांना, कोण कुणाचा कोण लागतो हे माहीत यांना. दारू पिऊन गाडी चालवणं, मारामाऱ्या, घरातली भांडणं, हरवलेली माणसं, हे रोजचं काम आहेच, त्यासाठी नवाहो कोर्टं आहेत आणि ती जोरात चालतात. 1982 पासून तिथे पीसमेकिंग नावाची व्यवस्थाही आहे, त्यात दोन्ही बाजूंचे नातेवाईक एका जाणत्या माणसासमोर बसून बोलतात आणि भरपाई ठरवतात. क्रो डॉगच्या प्रकरणात जी पद्धत वॉशिंग्टनला रानटी वाटली होती तिच्या जवळ जाणारी गोष्ट आता कोर्टाच्या छत्राखाली चालते, याची मला फार मजा वाटते.

पण नवाहो कोर्टाच्या हातात शिक्षा किती? 1968 च्या कायद्याने ट्राईबच्या कोर्टांवर आधी सहा महिन्यांची मर्यादा घातली, 1986 ला ती एक वर्षाची झाली, आणि 2010 च्या कायद्यानंतर एका गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षं, सगळे गुन्हे मिळून नऊ. तेही आरोपीला वकील देण्यासारख्या बऱ्याच अटी पाळल्या तर. खुनाला तीन वर्षं! म्हणून मोठी केस आली की ती फेडरल कोर्टात जाण्यावाचून इलाज नसतो.

आणि गुन्हेगार बाहेरचा असेल तर तेवढंही नाही. 1978 ला सुप्रीम कोर्टाने ऑलिफंट प्रकरणात सांगून टाकलं, की नेटिव्ह नसलेल्या माणसावर ट्राईब फौजदारी खटला चालवूच शकत नाही. म्हणजे बाहेरचा माणूस तुमच्या गावात येऊन तुमच्या पोलिसासमोर कुणाला ठोसा मारून गेला, तरी तो पोलीस त्याला थांबवून ठेवू शकतो, दुसऱ्या कुणाच्या ताब्यात देऊ शकतो, बस. तो दुसरा कुणी कधी उगवेल हे नशिबावर. गाडी थांबवून झडती घेण्यावरूनसुद्धा वाद झाला, मोंटानातल्या क्रो रिझर्व्हेशनवर ट्राईबच्या पोलिसाला हायवेच्या कडेला उभ्या ट्रकमध्ये बंदुका आणि ड्रग्ज सापडले आणि खालच्या कोर्टांनी म्हटलं तुला झडतीचा अधिकारच नव्हता. शेवटी 2021 ला सुप्रीम कोर्टाने एकमताने पोलिसाच्या बाजूने निकाल दिला. 2021! म्हणजे अगदी परवापरवाची गोष्ट.

"पण एफबीआय करतंय ना तपास, मग बिघडलं कुठे?"

हा सगळ्यात स्वाभाविक आक्षेप. मोठी संस्था, मोठी लॅब, पैसा. बिघडतं ते असं, की एफबीआयने तपास केला तरी खटला भरायचा की नाही हे फेडरल सरकारी वकील ठरवतात, आणि त्यांच्यावर लांबच्या शहरातल्या इतर केसेसचाही बोजा असतो. अमेरिकन सरकारच्याच लेखापरीक्षण संस्थेने 2010 च्या अहवालात दाखवलं, की 2005 ते 2009 या काळात नेटिव्ह भागातून या वकिलांकडे आलेल्या प्रकरणांपैकी निम्म्या प्रकरणांत त्यांनी खटला भरायला नकार दिला. कारणं असतात, पुरावा कमी पडतो, साक्षीदार येत नाहीत, नाही असं नाही. पण ज्या बाईवर अत्याचार झालाय तिच्यासाठी त्या नकाराचा अर्थ एवढाच, की आता दुसरं दार नाही. कारण ट्राईबला मोठी शिक्षा देता येत नाही, आणि आरोपी नेटिव्ह असेल तर ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिको राज्याला तिथे अधिकार नाही.

दुसरं उदाहरण जास्त टोचणारं आहे. 2001 मध्ये लेझमंड मिशेल या नवाहो तरुणाने साथीदाराबरोबर नवाहो मुलखातच एका नवाहो आजीचा आणि तिच्या नऊ वर्षांच्या नातीचा अत्यंत क्रूरपणे खून केला. गुन्ह्याबद्दल दुमत नव्हतं. पण नवाहो नेशनचा मृत्युदंडाला विरोध आहे, आणि 1994 च्या कायद्यानुसार रिझर्व्हेशनवर आपल्या माणसाने केलेल्या खुनाला फाशी लागू करायची की नाही हे ट्राईबनेच ठरवायचं असतं. नवाहोंनी नाही म्हटलेलं. मग फेडरल सरकारने काय केलं, तर खुनाऐवजी 'गाडी पळवताना झालेला मृत्यू' या कलमाखाली मृत्युदंड मागितला, कारण त्या कलमाला ट्राईबची संमती लागत नाही. नवाहो अध्यक्षांनी दयेची विनंती केली, तरी 26 ऑगस्ट 2020 ला त्याला मृत्युदंड दिला गेला. मिशेलबद्दल कणव वाटणं अवघड आहे, मान्य, पण 'आम्ही तुम्हाला विचारू' असं कायद्यात लिहून मग न विचारता दुसऱ्या दाराने जायचं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

"ट्राईबने शिक्षा दिली, मग परत फेडरल कोर्टात? एका गुन्ह्याला दोनदा?"

हो, चालतं. आणि हा निकाल नवाहो प्रकरणातूनच आला, 1978 मध्ये, ॲरिझोनातल्या मेनी फार्म्सच्या एका केसमध्ये. सुप्रीम कोर्ट म्हणालं ट्राईबचा शिक्षा देण्याचा अधिकार वॉशिंग्टनने दिलेला नाही, तो तिचा मूळचा आहे, म्हणून या दोन वेगळ्या सार्वभौम सत्तांच्या दोन वेगळ्या कारवाया धरायच्या. ऐकायला छान. गंमत म्हणजे त्याच महिन्यात, मार्च 1978 ला, त्याच कोर्टाने वर सांगितलेला ऑलिफंटचा निकाल दिला होता. सार्वभौम आहात, फक्त बाहेरच्याला हात लावायचा नाही.

"हा माणसामाणसांत वंशावरून भेद नाही का?"

अमेरिकन कोर्टांचं उत्तर असं, की नेटिव्ह असणं ही तिथे राजकीय ओळख आहे, सरकारने मान्य केलेल्या ट्राईबचं सदस्यत्व. मला हे अर्धंच पटतं, कारण नवाहो म्हणून नोंद व्हायला किमान एक चतुर्थांश नवाहो रक्त लागतं, आणि रक्त मोजायला लागल्यावर वंशाचा संबंध नाही म्हणणं जरा अवघडच. पण उलट बाजूही बघा, हे लोक तह करून बसलेत, एका सरकारने दुसऱ्या सरकारशी करावा तसा, आणि तहाची एक बाजू सगळी पाळायची आणि दुसरीने सोयीप्रमाणे, असं दीडशे वर्षं चाललंय.

थोडं बदलतंय मात्र. 2013 ला घरगुती हिंसेच्या गुन्ह्यांत बाहेरच्या माणसावरही खटला चालवायचा अधिकार ट्राईबना परत मिळाला, 2022 ला त्यात लैंगिक अत्याचार, पाठलाग, मुलांवरची हिंसा, ट्राईबच्या पोलिसावरचा हल्ला असे गुन्हे जोडले गेले. अर्थात ट्राईबने आरोपीला ठरावीक हक्क आणि वकील दिले पाहिजेत, म्हणजे परत पैसा आलाच. खून अजूनही यात नाही.

साक्षीदार गप्प का बसतात

कायद्याइतकाच रीतीभातींचा भाग कादंबऱ्यांत येतो आणि मला तो जास्त आवडतो. जुन्या वळणाचे नवाहो लोक मृतदेहापासून लांब राहतात. माणूस गेला की त्याच्यातलं वाईट तेवढं मागे उरतं आणि ते जिवंत माणसाला आजारी पाडतं, अशी समजूत. म्हणून गेलेल्याचं नाव घेणं टाळतात. होगनमध्ये, म्हणजे त्यांच्या पारंपरिक घरात, कुणी मेलं तर उत्तरेकडच्या भिंतीला भोक पाडून प्रेत बाहेर काढतात आणि ते घर कायमचं सोडून देतात. होगनचं दार नेहमी पूर्वेला. आता तपास करणाऱ्याच्या नजरेने बघा, ओसाड होगन दिसलं आणि उत्तरेची भिंत फुटलेली आहे, तर लीपहॉर्नला आत न जाता कळतं काय झालं असेल. बाहेरच्या पोलिसाला ते नुसतं पडकं घर.

तीच गोष्ट बोलण्याची. कुणाच्या घरी गेलं की थेट दार वाजवायचं नाही, गाडीत बसून राहायचं, घरातलं कुणी बाहेर येऊन खूण करेपर्यंत. मग ओळख, आईचं कूळ, वडिलांचं कूळ, दोन्हीकडच्या आजोबांचं कूळ. नजरेला नजर भिडवणं उद्धटपणा, बोट दाखवायचं नाही, ओठांनी दिशा दाखवायची, आणि समोरच्याचं बोलणं संपलं असं वाटलं तरी थोडं थांबायचं, कारण ते बहुतेक संपलेलं नसतं. एफबीआयचा एजंट धाडकन प्रश्न विचारतो, दोन सेकंद थांबतो, वहीत 'साक्षीदार सहकार्य करत नाही' असं लिहितो आणि निघून जातो. लीपहॉर्न तिथेच बसून राहतो.

"लिहिणारा तर गोरा, मग विश्वास कशाला ठेवायचा?"

रास्त प्रश्न. हिलरमन नवाहो नव्हता. 1987 ला नवाहो कौन्सिलने त्याचा दिने लोकांचा खास मित्र म्हणून गौरव केला हे खरं, पण त्यामुळे प्रश्न संपत नाही. चेटूक करणारे, प्राण्याचं रूप घेणारे लोक हा विषय नवाहो घरांत सहसा उघड बोलतच नाहीत, आणि तोच विमानतळावरच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या पुस्तकात आला की तिथल्या काही वाचकांना ते खुपतं. मला वाटतं जमीन, कायदा, पोलिसी काम यांत तो भक्कम आहे, धार्मिक विधींच्या वर्णनात जपून वाचावं. आतला आवाज हवा असेल तर रमोना एमर्सन वाचा. त्या स्वतः दिने, पोलीस तपासासाठी चित्रीकरण करायचं काम केलेलं, आणि 2022 ची त्यांची 'शटर' ही कादंबरी गुन्ह्याच्या जागेचे फोटो काढणाऱ्या एका नवाहो बाईची आहे. पण ती मुख्यतः अल्बुकर्की शहरात घडते, त्यामुळे हद्दीचा हा घोळ तिथे तेवढा भेटणार नाही.

त्यासाठी हिलरमनच. फक्त 1970 च्या पहिल्या पुस्तकाने सुरुवात करू नका, त्यात लीपहॉर्नला कामच थोडं आहे. 1973 चं 'डान्स हॉल ऑफ द डेड' घ्या. एक झुनी मुलगा गायब होतो, पाठोपाठ त्याचा नवाहो मित्रही. झुनी ही शेजारची वेगळी ट्राईब. म्हणजे खुनाचा तपास एकाचा, जागा दुसऱ्याची, आणि लीपहॉर्नच्या वाट्याला अधिकृतपणे काय येतं, तर फक्त तो नवाहो पोरगा शोधून आणणं.